चेनचं घड्याळ सकाळी सैल, दुपारी घट्ट: कडी काढण्याआधी काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. स्टीलच्या चेनचं नवीन घड्याळ घेतलं. देणाऱ्याने मनगटाकडे एकदा नजर टाकली आणि दोन कड्या काढून दिल्या, दोन्ही तबकडीवरच्या ६ आकड्याच्या बाजूच्या. आता सकाळी घातलं की घड्याळ सैल पडतं आणि डबी, म्हणजे तबकडी असलेला मधला भाग, घसरून करंगळीच्या बाजूला जाते. दुपारनंतर तीच चेन कातडीत रुतते, लॉकची कड अंगठ्याच्या बाजूला टोचते, संध्याकाळी वळ दिसतो. आणखी एक कडी काढू, की काढलेल्यातली एक परत घालू?

यातलं काहीच लगेच करू नका. तुमच्या वर्णनावरून चेनच्या एकूण लांबीत फारसा दोष दिसत नाही. दोष दोन ठिकाणी आहे: लॉक मनगटाखाली मधोमध आलेलं नाही, आणि लॉकमधली बारीक समायोजनाची भोकं कुणी हातच लावलेली नाहीत. गेली कित्येक वर्षं घड्याळाच्या टेबलावर बसून मी चेन बसवतो आहे, आणि ‘घट्ट होते’ म्हणून आलेल्या घड्याळांपैकी बऱ्याच घड्याळांत मला हेच दोन दोष सापडतात. कडी काढणं हा मोठा फरक आहे. आराम मिळतो तो शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये, आणि ते दोन-तीन मिलिमीटर दुकानात एकदा ठरवून मोकळं होण्यासारखे नसतात, कारण मनगट दिवसभर एका मापाचं राहत नाही.

हे मनगटाचं आधी समजून घ्या. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हात गरम होतो आणि फुगतो. चालताना हात खाली लोंबत राहिले की फुगतो. खारट जेवणानंतर, लांबच्या विमानप्रवासात, व्यायामानंतर, गरोदरपणात फुगतो. थंडीत उलट होतं. घेरात काही मिलिमीटरचा फरक एकाच दिवसात सहज पडतो. कातड्याचा पट्टा थोडा वाकतो, थोडा ताणतो, आपल्याला सांभाळून घेतो. स्टील सांभाळून घेत नाही. चेन एकाच लांबीची राहते आणि आतलं मनगट बदलत जातं.

आता थोडा हिशेब, कारण तो कळला की पुढचं सगळं सोपं होतं. मनगटाभोवती चेन एक वर्तुळ करते असं धरू. वर्तुळाचा घेर २ मिलिमीटरने वाढला, तर चेन आणि कातडी यांच्यातलं अंतर सगळीकडून जेमतेम ०.३ मिलिमीटरने वाढतं. एक अख्खी कडी साधारण ८ मिलिमीटरची असली, तर ती घातल्यावर हेच अंतर सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं. ऐकायला हे आकडे क्षुल्लक वाटतात. पण हाताला ०.३ मिलिमीटर व्यवस्थित कळतो, आणि सव्वा मिलिमीटर म्हणजे चेन एकदम गळाल्यासारखी वाटते. म्हणून ‘एक कडी काढली की घट्ट, घातली की सैल’ ही तक्रार इतकी सर्रास असते. तुम्हाला हवं असलेलं माप त्या दोन कड्यांच्या अधेमध्ये कुठेतरी आहे, आणि तिथे पोचायला कडी हे साधनच नाही.

ते साधन लॉकच्या कडेला आहे. तुमचं लॉक घडी होऊन बंद होणारं साधं असेल, तर त्याच्या बाजूच्या पत्र्यावर एका ओळीत तीन-चार किंवा जास्त बारीक भोकं दिसतील. चेनचं एक टोक त्या भोकांमध्ये एका स्प्रिंग बारने अडकवलेलं असतं. स्प्रिंग बार म्हणजे आत स्प्रिंग असलेली बारीक दांडी, जिची टोकं दाबली की आत जातात. एका भोकातून शेजारच्या भोकात गेलं की चेन साधारण दीड ते अडीच मिलिमीटरने कमी किंवा जास्त होते. तुमचा सगळा आराम या ओळीत आहे.

म्हणून कड्या मोजायच्या तेव्हा हा स्प्रिंग बार आधी मधल्या भोकात आणायचा, आणि मगच किती कड्या हव्यात ते ठरवायचं. क्रम उलटा झाला की पुढे अडचण येते. बार एका टोकाच्या भोकात असताना कड्या काढल्या, तर त्या दिवशी चेन बरोबर बसते, पण हवा बदलली की एका दिशेला जायला जागाच उरत नाही. तुमच्या घड्याळाचा बार आत्ता कुठे आहे ते बघा. तो एका टोकाला असला, तर तुमच्या अर्ध्या तक्रारीचं उत्तर तिथेच सापडलं.

माप घेण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. सकाळी उठल्या उठल्या, किंवा थंड खोलीत बसून चेन बसवून घेऊ नका. दुपारी, थोडं चालून आल्यावर, हात गरम असताना बसवा. त्या वेळी ती नुसती आरामात असली पाहिजे, रुतता कामा नये. मग सकाळी ती किंचित सैल वाटेल. ते चालतं. किंचित सैल चेन मनगटाला काही करत नाही, पण घट्ट चेन करते, त्याबद्दल पुढे लिहितो.

‘किंचित सैल’ म्हणजे किती, हे हाताला कळावं म्हणून मी एक जुनी परीक्षा सांगतो. लॉक बंद करा, हात टेबलावर मोकळा ठेवा, आणि लॉकच्या बाजूने चेनखाली करंगळीचं टोक घालून बघा. ते जरासं रेटून आत जावं. अजिबात जात नसेल तर घट्ट. करंगळी आत जाऊन इकडेतिकडे फिरत असेल तर सैल. दुसरी परीक्षा: हात खाली सोडून हलकेच झटका. घड्याळ थोडं हललं पाहिजे, पण मनगटाच्या करंगळीकडच्या उंचवट्याच्या हाडावरून हाताच्या पंजाकडे घसरता कामा नये. तिसरी: मूठ घट्ट आवळा आणि मनगट मागे वाकवा, जसं जमिनीवर हात टेकून उठताना वाकतं. या स्थितीत चेन दाबायला लागली तर एक भोक वाढवा. या तिसऱ्या परीक्षेकडे बहुतेक लोक लक्षच देत नाहीत, आणि मग टंकलेखन करताना किंवा गाडी चालवताना चेन का टोचते ते त्यांना कळत नाही.

घड्याळ घालायचं कुठे, हाही प्रश्नच आहे. त्या उंचवट्याच्या हाडाच्या कोपराकडच्या बाजूला घड्याळ बसलं पाहिजे. हाडावर बसवलं तर चेन हाडावर घासते. हाडाच्या पुढे, पंजाच्या अगदी जवळ बसवलं तर मनगट वाकवताना चावी, म्हणजे डबीच्या कडेचं वेळ लावायचं बटण, हाताच्या मागच्या बाजूला टोचते. अनेकांना वाटतं की चावी टोचते म्हणजे घड्याळ मोठं आहे. बऱ्याचदा घड्याळ फक्त एक बोटभर पुढे आलेलं असतं, आणि ते येतं कारण चेन सैल असते.

आता मुख्य गोष्ट: लॉक मधोमध कसं आणायचं.

घड्याळ डाव्या हातात, चावी पंजाकडे, असं धरून बोलतो. तबकडीचा ६ हा आकडा तेव्हा अंगठ्याच्या बाजूला येतो आणि १२ करंगळीच्या बाजूला. डबी मनगटावर मधोमध ठेवा, हात उलटा करा आणि लॉक कुठे आहे ते बघा. ते मनगटाच्या खालच्या सपाट भागावर, मधोमध असायला हवं. ते अंगठ्याकडे सरकलेलं असेल, तर ६ कडची बाजू आखूड आहे. करंगळीकडे सरकलेलं असेल, तर १२ कडची आखूड आहे. तुमच्या चेनमधून दोन्ही कड्या ६ कडच्या निघाल्या, म्हणून लॉक अंगठ्याकडे ओढलं गेलं, आणि त्याची कड नेमकी त्या जागी आली जिथे मनगट गोल वळतं आणि कातडीखाली मांस कमी असतं. टोचणारच.

उपाय सरळ आहे. काढलेल्या दोन कड्यांपैकी एक ६ कडे परत घाला आणि १२ कडची एक काढा. एकूण लांबी तीच राहील, पण लॉक साधारण एका कडीइतकं करंगळीकडे सरकेल. तेवढ्याने पुरलं नाही, तर बार एक-दोन भोकं पुढेमागे करून बघा. बहुतेक मनगटांवर ६ कडची बाजू १२ कडच्या बाजूपेक्षा एखाद्या कडीने कमी येते, पण हा नियम म्हणून पकडू नका. मनगट दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, डबीचा आकार वेगळा असतो, लॉकची लांबी वेगळी असते. डोळ्याने बघा, हाताने जाणवून घ्या.

लॉकची लांबी हा विषय बारीक मनगटाच्या लोकांसाठी खास महत्त्वाचा. लॉक हा चेनचा एकमेव ताठ भाग. कड्या वळतात, लॉक वळत नाही. १५० मिलिमीटरच्या मनगटावर ४५ मिलिमीटरचं लॉक असेल, तर घेराचा जवळजवळ तिसरा भाग ताठ आहे. तो मधोमध, सपाट भागावर असला तरच सुसह्य होतो. थोडाही कडेला गेला की त्याचं एक टोक हवेत आणि दुसरं कातडीत. अशा वेळी लोक आतली पाती हाताने वाकवून गोल करायला बघतात. कृपा करून तसं करू नका. पातळ पात्याला एकदा चुकीचा बाक पडला की लॉक नीट बसत नाही आणि कधीतरी भलत्या ठिकाणी उघडतं. लॉक मधोमध आणूनही टोचत असेल, तर त्याच चेनला बसणारं आखूड लॉक मिळतं का ते बघणं हा खरा उपाय.

फुलपाखरासारखं दोन्ही बाजूंना उघडणारं लॉक असेल तर गोष्ट थोडी वेगळी. दिसायला ते सुंदर, बंद झाल्यावर सगळी चेन सलग दिसते. पण त्यातल्या बहुतेकांना बाजूला भोकंच नसतात. अशा चेनमध्ये बारीक फरक करायचा तर अर्ध्या कड्या लागतात, म्हणजे नेहमीच्या कडीच्या साधारण अर्ध्या लांबीच्या. उत्पादकाने त्या दिल्या असतील तर जपून ठेवा, त्यांच्याशिवाय अशी चेन दिवसभर आरामात बसणं बरंचसं नशिबावर जातं. फुगणाऱ्या हातांच्या माणसाने घड्याळ घेतानाच भोकांचं किंवा सरकणारं लॉक बघून घ्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

सरकणारं लॉक म्हणजे हत्याराशिवाय, घड्याळ हातात असतानाही लांबी बदलता येते असं लॉक. रोलेक्सने २००८ मध्ये आपल्या डीपसी या पाणबुड्यांच्या घड्याळाबरोबर ग्लाइडलॉक आणलं. त्यात लॉकच्या आत एक दातेरी पट्टी असते आणि २-२ मिलिमीटरच्या टप्प्यांनी चेन सुमारे २० मिलिमीटरपर्यंत वाढवता येते. मूळ हेतू पाणबुड्याच्या जाड पोशाखावरून घड्याळ घालता यावं हा, पण रोजच्या वापरात त्याचा खरा फायदा दुपारच्या फुगलेल्या हाताला होतो. त्याच कंपनीचं ईझीलिंक हे साधं रूप, त्यात एक दुमडलेली कडी उघडून ५ मिलिमीटर मिळतात. ट्यूडरच्या टी-फिटमध्ये पाच टप्पे आणि एकूण ८ मिलिमीटर. आता इतर अनेक कंपन्याही असं काहीतरी देतात. पाच-आठ मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण वर केलेला हिशेब आठवा: हाताला लागणारा सगळा फरक त्यात मावतो.

तुमच्या घड्याळाला असं काही नाही, म्हणून भोकं. स्प्रिंग बार हलवायला दोन टोकांचं बारीक हत्यार मिळतं, एका टोकाला चिमुकला दुबेळका काटा, दुसऱ्या टोकाला टोकदार दांडी. भोक बाहेरून आरपार असेल तर टोकदार दांडीने बार आत दाबा आणि चेन हलकेच तिरकी करून सोडवा. नव्या भोकात बसवताना एक काळजी घ्या: बारची दोन्ही टोकं समोरासमोरच्या एकाच क्रमांकाच्या भोकात गेली आहेत ना ते बघा. एक टोक दुसऱ्या भोकात आणि दुसरं तिसऱ्यात, असं झालं की चेन तिरकी चालते आणि कधीतरी बार उडतो. बसवल्यावर बोटाने चेन थोडी ओढून बघा, बारीक ‘टिक’ आवाज येऊन तो बसलेला असला पाहिजे. आणि बार उडतो तेव्हा खोलीत कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून, किंवा निदान काठ असलेल्या ताटात कापड पसरून करा.

कडी एका बाजूकडून दुसरीकडे न्यायची तर पिनांचा प्रकार ओळखावा लागतो. मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला, दाबून बसणारी पिन. कडीच्या आतल्या बाजूला बाण कोरलेला असतो. पिन त्या बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि परत घालताना उलट दिशेने घालायची. यातल्या काही पिनांचं एक टोक चिरलेलं असतं, ते पसरून पिनला धरून ठेवतं. बाहेर आली तेव्हा कोणतं टोक पुढे होतं ते लक्षात ठेवा आणि ती जशी होती तशीच परत बसवा. पिन शेवटी हलक्या हातोडीने, मध्ये लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा धरून ठोका, म्हणजे कडीला ओरखडा पडत नाही. ती बोटाच्या दाबाने सहज सरकत जात असेल तर ती ढिली झाली आहे, नवी घाला.

दुसरा, पिन आणि नळी. बाहेरून हा पहिल्यासारखाच दिसतो, त्यामुळे लोक फसतात. पिन निघाली की आतून एक चिमुकली नळी गळून पडते, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. पिनला धरून ठेवण्याचं काम ती नळी करते. ती हरवली आणि तुम्ही नुसती पिन घालून घड्याळ हातात घातलं, तर पिन हळूहळू सरकत बाहेर येते आणि एक दिवस घड्याळ जमिनीवर. सेइकोच्या बऱ्याच चेनमध्ये ही रचना आहे. पिन काढल्यावर कडी हलकेच हलवून कापडावर बघा, काही पडलं का. अशा चेनवर काम करण्याची हीच एक खरी अट आहे.

तिसरा, स्क्रू. कडीच्या एका बाजूला खाच दिसते. इथे चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने जितकी घड्याळं खराब झालेली मी बघितली, तितकी दुसऱ्या कशानेच झालेली नाहीत. नवीन होतो तेव्हा एका घड्याळाच्या कडीवर माझ्याच हातून पातं निसटलं आणि चकाकत्या बाजूवर सरळ रेघ ओढली गेली. मालकाला ती रेघ दाखवून मला सांगावं लागलं. तेव्हापासून पात्याची रुंदी आणि जाडी खाचेत अचूक बसते का, हे बघितल्याशिवाय मी जोर लावत नाही. पातं खाचेपेक्षा अरुंद असेल तर खाच फाटते, जाड असेल तर वर निसटतं. स्क्रू हलत नसेल तर बहुधा त्यावर स्क्रू पक्का करणारं द्रव लावलेलं असतं. ते उष्णतेने मऊ होतं. चेन डबीपासून वेगळी करा, फक्त चेनचं ते टोक थोडा वेळ गरम पाण्यात ठेवा आणि मग प्रयत्न करा. घड्याळासकट कधीही नाही. परत बसवताना कमी ताकदीच्या द्रवाचा अगदी थेंबाचा अंश लावा. जास्त ताकदीचं लावलं तर पुढच्या माणसाला ती कडी कापावी लागेल. काही चेनमध्ये दोन्ही बाजूंना स्क्रूची डोकी असतात, तिथे दोन स्क्रू ड्रायव्हर एकाच वेळी लागतात. ते घरी करू नका.

बाण किंवा स्क्रू नसलेल्या कड्यांना हात लावू नका. डबीजवळच्या कड्या बहुधा कायमच्या जोडलेल्या असतात, आणि तिथेच चेन हळूहळू अरुंद होत जाते. चेन शेवटपर्यंत निमुळती होणारी असेल, तर कड्यांचा क्रम बदलता कामा नये, नाहीतर मध्येच एक पायरी दिसते आणि बोटालाही लागते. तुम्ही ६ कडे घालणार ती कडी मुळात ६ कडचीच आहे, म्हणून तुम्हाला ही अडचण येणार नाही.

घरी हे सगळं करायची हिंमत होत नसेल तर घड्याळजीकडे जा, पण त्याला फक्त ‘घट्ट होतं’ असं सांगू नका. ‘लॉक अंगठ्याकडे येतंय, ६ कडे एक कडी घाला, १२ कडची एक काढा, बार मधल्या भोकात ठेवा’ असं सांगा. आणि दुपारीच जा.

केस ओढले जातात ही दुसरी मोठी तक्रार. लोक समजतात की चेन घट्ट आहे म्हणून केस ओढते. बहुतेक वेळा उलट असतं. सैल चेन मनगटावर मागेपुढे सरकते, कड्या उघडमिट करतात आणि केस त्यात सापडतात. चेन एका भोकाने आवळली की हा त्रास बऱ्याचदा कमी होतो. तरीही राहिला, तर कड्यांच्या आतल्या कडा बोटाने चाचपा. कुठे खडबडीत कड लागली तर घड्याळजी ती गुळगुळीत करून देतो.

डबी जड आणि चेन हलकी असेल तर घड्याळ सतत बाहेरच्या बाजूला कलतं, कितीही बारीक मोजमाप केलं तरी. तुमचं घड्याळ तसं असेल, तर चेन अर्ध्या मिलिमीटरने घट्ट करण्याचा मोह होईल. त्यापेक्षा जड, भरीव कड्यांची चेन, किंवा मुळात हलकी डबी हा उपाय खरा. टायटॅनियमची घनता ४.५ च्या आसपास, स्टीलची जवळजवळ ८, म्हणजे त्याच आकाराचं टायटॅनियमचं घड्याळ वजनाला निम्म्याहून थोडंच जास्त भरतं. मनगटावर दिवसभर तो फरक फार जाणवतो.

जाळीची चेन, जिला मिलानीज म्हणतात, तिचा त्रास कमी. तिचं लॉक जाळीवरून हव्या त्या जागी सरकवता येतं, त्यामुळे अर्धी-अख्खी कडी हा प्रश्नच येत नाही. उरलेलं टोक आत नीट दडपलं जातं का तेवढं बघा, नाहीतर त्याच्या कडा बाहीचा कपडा आणि कातडी दोन्ही घासतात. ताणून हातावरून सरकवायची स्प्रिंगची चेनही असते. अमेरिकेतल्या स्पायडेल कंपनीने १९५९ मध्ये आणलेली ट्विस्ट-ओ-फ्लेक्स ही त्यातली सगळ्यात गाजलेली. ही चेन हाताबरोबर थोडी ताणते हा तिचा मोठा गुण, पण न ताणता ती मनगटाएवढी असली पाहिजे. हातात असताना कड्यांमध्ये फटी दिसत असतील तर ती आखूड आहे, सगळा वेळ ओढत राहील आणि केसही ओढेल.

घट्ट चेनबद्दल वर म्हणालो होतो ते आता लिहितो, कारण हा नुसत्या आरामाचा प्रश्न नाही. घड्याळ काढल्यावर पाच-दहा मिनिटांत जाणारा हलका वळ चालतो. पण अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येत असतील, बधीरपणा किंवा जळजळ होत असेल, तर थांबा. तिथे कातडीच्या अगदी जवळून एक संवेदनांची नस जाते आणि घट्ट घड्याळ किंवा बेड्या तिला दाबू शकतात. रॉबर्ट वार्टेनबर्ग या डॉक्टरांनी १९३२ मध्ये या त्रासाचं वर्णन केलं आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तुमचं लॉक आत्ता नेमकं अंगठ्याकडे आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे. तशी लक्षणं असतील तर काही दिवस घड्याळ घालू नका, आणि ती गेली नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

पुरळ उठत असेल तर कारणं दोन, आणि ती वेगळी करणं महत्त्वाचं. घड्याळांत बहुधा वापरलं जाणारं ३१६एल स्टील १० ते १४ टक्के निकेल बाळगून असतं, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असतं आणि फार कमी बाहेर येतं. निकेलची खरी ॲलर्जी असलेल्यांना तरीही त्रास होऊ शकतो, त्यांनी टायटॅनियमकडे बघावं. पण पुष्कळदा पुरळ निकेलचं नसतं. कड्यांमध्ये अडकलेला साबण, घाम आणि मळ घट्ट चेनखाली दिवसभर कातडीवर दाबला जातो, त्याचं असतं. मऊ ब्रश, कोमट पाणी आणि साध्या साबणाने चेन घासा, नीट पुसून पूर्ण वाळवा. शक्य असेल तर चेन काढून धुवा, पाणीरोधक नसलेल्या घड्याळाच्या बाबतीत तर काढूनच.

या मळाचा आणखी एक परिणाम. तो पिनांभोवती बारीक रेतीसारखा काम करतो. वर्षानुवर्षं घासून पिना आणि कड्यांची भोकं झिजतात आणि चेन लांबते. लोक म्हणतात ‘स्टील ताणलं’. स्टील ताणत नाही, सांधे झिजतात. चेन आडवी धरा. ती खाली फार लोंबकळत असेल तर झीज झाली आहे. जुन्या, दुमडलेल्या पत्र्याच्या पोकळ कड्यांमध्ये हे लवकर होतं, भरीव कड्यांमध्ये उशिरा. नियमित धुतलेली चेन अनेक वर्षं तशीच राहते, हे मी अनेक घड्याळांवर बघितलं आहे.

तर आता तुमच्या घड्याळाकडे येतो. कडी बदलून बार मधल्या भोकात आणला की एक आठवडा घड्याळ रोज घाला, आणि सकाळ, दुपार, झोपण्याआधी अशी तीन वेळा करंगळीची परीक्षा करा. तीनपैकी दोन वेळा घट्ट निघालं तर एक भोक वाढवा. दोन वेळा सैल निघालं तर एक भोक कमी करा. बार दोन्ही बाजूंनी संपला आणि तरीही बसत नसेल, तरच कडीचा विचार. ऋतू बदलला की हीच परीक्षा पुन्हा करा.

काढलेल्या कड्या, पिना आणि नळ्या एका छोट्या पिशवीत ठेवा आणि वर लिहून ठेवा: ६ कडून किती, १२ कडून किती, आणि बार कितव्या भोकात. ती पिशवी घड्याळाच्या डब्यातच ठेवा.